गल्लीतली सेलिब्रिटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणे हे माझे काम. माझी पाने बाराशे चाळीस. त्यातली सहा गळाली आहेत आणि ‘झेड’ अक्षराचा शेवट उंदरांनी खाल्ला आहे. पण त्याचे मला फारसे दुःख नाही. त्या अक्षरापर्यंत सहसा कोणी येतच नाही.

मला एका शाळामास्तरांनी लिहिले. दिवसा ते मुलांना इंग्रजी शिकवत आणि घरी आले की चपलांच्या रिकाम्या खोक्यांत कागदाच्या चिठ्ठ्या रचत बसत. एका चिठ्ठीवर एक शब्द. असे एकोणीस वर्षे चालले. त्यांच्या पत्नीने एकदा विचारले, “हजारो शब्द सांभाळता, मग भाजी आणा म्हटलेले दोन शब्द कसे लक्षात राहत नाहीत?” मास्तरांनी नवी चिठ्ठी पुढे ओढली. आज माझ्यात ‘विसरभोळा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापुढे उदाहरण म्हणून वाक्य आहे: ‘तो भाजी आणायला गेला आणि पुस्तक घेऊन आला.’

मास्तरांना एक खोड होती. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबत नसत. हा शब्द कुठून आला, आधी कोणाच्या घरी होता, वाटेत त्याचा अर्थ कसा बदलला, हेही ते लिहीत. त्यामुळे मी जाड झालो. छापखान्याचे मालक म्हणाले की एवढे कूळ कोणी विचारत नाही, थोडे कापा. मास्तरांनी एक ओळ कापली नाही. त्या हट्टाचा एका माणसाच्या पायाला पुढे किती उपयोग होणार होता, हे तेव्हा ना त्यांना माहीत होते, ना मला.

छापून, शिवून, पुठ्ठ्यात बसवून मला एका लहानशा दैनिकाच्या कचेरीत आणण्यात आले. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, मुद्रितशोधनाच्या टेबलावर माझी जागा ठरली. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्या टेबलाचे काम. त्या टेबलाशी एक बाई बसत. बाविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी पगाराच्या पाकिटावरही कोणीतरी तेच लिहिले. बाईंनी त्या पाकिटावरची वेलांटी तेवढी तपासून घेतली.

ते माझे वैभवाचे दिवस होते. बातमीदार आणि उपसंपादक एखाद्या शब्दावरून हमरीतुमरीवर आले की बाई म्हणत, “कोशात बघा.” मग मला उघडले जाई. बाईंचे बोट ओळीवरून फिरे, आणि भांडण मिटे. दिवसातून वीस-वीस वेळा उघडून माझी पाठ उसवली, पण मी कधी कुरकुर केली नाही. कामाने झिजणे आणि पडून झिजणे यांत फार फरक असतो, मित्रांनो. दुसऱ्या प्रकारचे झिजणे मला लवकरच कळले.

कचेरीत संगणक आले. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आले. बाईंची मान दुखू लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडदा जरा उंच ठेवा. उंच करायला काय ठेवायचे? मी समोरच होतो. अशा रीतीने मी संगणकाच्या पडद्याखाली गेलो आणि सात वर्षे तिथेच राहिलो. बाईंच्या मानेला आराम पडला, एवढे एक समाधान होते. माझ्यात काय लिहिले आहे हे मात्र कोणी विचारले नाही.

आता मुख्य हकीकत सांगतो.

कचेरीमागच्या गल्लीत एक गृहस्थ राहत. त्यांनी सरकारी दवाखान्यात जखमा धुण्याचे आणि पट्ट्या बांधण्याचे काम चौतीस वर्षे केले होते. सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना सोडेनात. रोज सकाळी सात ते नऊ ते आपल्या घरात पट्ट्या बांधत. हात इतका हलका, की जुनी पट्टी कधी निघाली ते माणसाला कळत नसे.

वेलांटीबाईंचे यजमान त्यांच्याकडे रोज जात. ते निवृत्त बसचालक. त्यांना साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ एक जखम तीन महिने भरत नव्हती. या आजारात पायाला दुखणे कळेनासे होते, आणि तेच धोक्याचे असते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, रोज पट्टी झाली पाहिजे, नाहीतर बोट काढावे लागेल. पण बसचालक हट्टी. पट्टीकाकांखेरीज कोणाचा हात ते पायाला लागू देत नसत. काकांच्या हाताखाली जखम हळूहळू लाल, स्वच्छ दिसू लागली होती.

आमच्या कचेरीत एक नवी बातमीदार मुलगी आली होती. चुणचुणीत होती. तिने काकांवर दोन स्तंभांचा लेख लिहिला. सकाळी जाऊन तिने त्यांच्या पायरीवरच्या चपला मोजल्या होत्या. एका सकाळी सत्तेचाळीस जोड. लेख मनापासून लिहिलेला होता आणि त्याला मथळा होता: ‘आपल्या गल्लीतली सेलिब्रिटी: पट्टीकाका’.

बाईंचे डोळे त्या मथळ्यावर थांबले. मी पडद्याखाली होतो, तरी मला ते कळले, कारण त्यांचा हात पुढे येऊन माझ्या पुठ्ठ्यावर टेकला. गल्लीतली, की गल्लीतला? काना हवा तिथे वेलांटी तर नाही पडली? आणि हा शब्द इथे बसतो तरी का? पण मला काढायचे तर पडदा उचलायला हवा, तारा सोडवायला हव्यात. खाली छपाईवाले पानासाठी खोळंबले होते. बाईंनी हात मागे घेतला.

“चालतं हल्ली,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पान सोडून दिले.

छत्तीस वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

पुढे तीन दिवस काही कळले नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती बातमीदार मुलगी बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“बाई, काकांनी दार बंद केलंय.”

“कोणत्या काकांनी?”

“पट्टीकाकांनी. लेख आला त्याच दिवसापासून. चहाच्या टपरीवर लोकांनी वाचून दाखवला म्हणे. काकांची काकू कधी झाली, असं विचारत होते. कोणीतरी कात्रणावरच्या फोटोला लांब केस आणि कानात डूल काढले आणि ते त्यांच्या दारावर चिकटवलं. काकांनी ते काढलं, आत गेले आणि पाटी लावली. ‘आजपासून पट्टी बंद.’ मी दोनदा गेले, दार उघडत नाहीत. मला टिंगल करायची नव्हती हो.”

बाईंनी तिला खुर्चीवर बसवले. मग एकदम त्यांच्या लक्षात आले.

“कधीपासून बंद म्हणालीस?”

“गुरुवारपासून.”

आज रविवार होता. बाईंनी बोटांवर दिवस मोजले. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी यजमानांना विचारले होते, पट्टी झाली का? ते हो म्हणाले होते. शुक्रवारी हो. शनिवारीही हो, आणि वर, आज काकांनी चहा पाजला, असेही.

त्यांनी घरी फोन लावला.

“पायाची पट्टी कोणी बांधली?”

 पलीकडून बसचालक म्हणाले, “कोणी नाही.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“त्या मथळ्यावर तुझी नजर फिरलेली असणार. तुझ्या एका वेलांटीने दार बंद झालं, हे तुला मीच सांगू? निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुझ्या.”

बाईंनी फोन ठेवला.  पुढच्याच क्षणी त्यांनी पडदा उचलून बाजूला ठेवला आणि मला बाहेर काढले. सात वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी घाईने पाने उलटली, उभ्याउभ्याच वाचले आणि मला कापडी पिशवीत टाकले.

संपादक म्हणाले, “उद्या खुलासा छापू ना. अनवधानाने चूक झाली, दिलगीर आहोत, असा.”

“तुम्ही लिहून ठेवा,” बाई म्हणाल्या. “मी आधी त्या माणसाच्या घरी जाऊन येते.”

काकांचे घर पाच मिनिटांवर होते. पायरीवर एकही चप्पल नव्हती. दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी, अर्धेच उघडले.

“ते कोणाला भेटत नाहीत.”

“मी वर्तमानपत्रातून आले. ती वेलांटी माझी आहे.”

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि दार पूर्ण उघडले.

पट्टीकाका आतल्या टेबलाशी बसून जाळीच्या कापडाचे चौकोनी तुकडे कापत होते. दार बंद होते, पण हाताची सवय सुटली नव्हती. गुरुवारपासूनच्या तुकड्यांचा ढीग समोर झाला होता. त्यांनी मान वर केली नाही.

“चुका शोधायचंच काम ना तुमचं,” ते म्हणाले. “एवढी मोठी अक्षरं, आणि चूक दिसली नाही?”

“दिसली होती,” बाई म्हणाल्या. “दिसली आणि सोडली. नसती दिसली, तर अशी माफी मागायला आले नसते.”

काकांची कात्री थांबली. असे उत्तर त्यांना अपेक्षित नसावे. जरा वेळाने ते म्हणाले, “वेलांटीचं एवढं नाही हो. माणसं हसतात, विसरतात. पण तो शब्द. मी दवाखान्यात होतो तेव्हा एका पेशंटनं हट्ट धरला की पट्टी मीच बांधायची. तर मोठे डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणाले, तू काय मोठा सेलिब्रिटी लागून गेलास काय रे? मी खाली मान घालून पट्टी बांधली. बारा वर्षं झाली. परवा तोच शब्द माझ्या नावापुढे, डोक्याएवढ्या अक्षरांत. मला वाटलं, चौतीस वर्षं जखमा बांधल्या, त्याचं हे फळ.”

 बाईंनी मला पिशवीतून काढले, कापलेल्या तुकड्यांचा ढीग हलकेच सरकवला आणि मला टेबलावर उघडले. मग मोठ्याने, सावकाश वाचू लागल्या. मास्तरांनी लिहिले होते ते असे:

‘सेलिब्रिटी. एक, प्रसिद्धी, ख्याती. या अर्थी स्त्रीलिंगी. दोन, प्रसिद्ध व्यक्ती. या अर्थी पुरुष असेल तर तो, स्त्री असेल तर ती. मूळ लॅटिन शब्द सेलेबर. त्याचा अर्थ, जिथे माणसांची दाटी असते असे, जिथे लोक पुन्हा पुन्हा येतात असे ठिकाण. साजरे करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द याचाच सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत सेलिब्रिटी म्हणजे थाटाचा समारंभ. पुढे अर्थ झाला ख्याती. तेव्हा माणसाजवळ सेलिब्रिटी असे. माणूस स्वतः सेलिब्रिटी नसे. एकोणिसाव्या शतकात ख्यातीचे नाव माणसालाच चिकटले. आज नट, खेळाडू, गायक अशांना हा शब्द लावतात. कोणी उगाच तोरा मिरवू लागला तर त्याला टोमणा म्हणूनही वापरतात. पण तो दोष शब्दाचा नव्हे, बोलणाऱ्याचा. टीप: प्रसिद्ध आणि थोर हे दोन वेगळे शब्द आहेत. विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये.’

काकांनी कात्री खाली ठेवली.

“पुन्हा वाचा ती ओळ. दाटीची.”

बाईंनी वाचली. ‘जिथे माणसांची दाटी असते असे, जिथे लोक पुन्हा पुन्हा येतात असे ठिकाण.’

काकांनी उघड्या दारातून बाहेर पाहिले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

“म्हणजे हा शब्द माझा नाहीच. त्या पायरीचा आहे.”

“मग मथळा बरोबर होता,” स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. “पायरी स्त्रीलिंगीच की.”

आणि मित्रांनो, ते तिघेही हसले. बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. काकांना वाटले, सुटका झाल्याच्या आनंदाने. पण बाई म्हणाल्या, “माझ्या यजमानांच्या पायाला गुरुवारपासून पट्टी नाही.”

काकांचे हसू तिथेच थांबले. “चालकसाहेब तुमचे यजमान? दवाखान्यात का नाही गेले?”

“तुमच्याशिवाय कोणाचा हात लावून घेत नाहीत.”

काकांनी पुढचे ऐकले नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि बाईंच्या आधी तेच रस्त्यावर आले. रिक्षात बसल्यावर ते एवढेच म्हणाले, “माझा राग मी पेशंटवर काढला. हे मला कळायला हवं होतं.”

घरी बसचालक खुर्चीत मोजा घालून बसले होते. काकांना पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण काकांचा नाही. मोजा काढताच वास आला. काकांनी जखम पाहिली, भोवतीच्या कातडीला बोटाची पाठ लावली. ती गरम होती.

“हे घरी करायचं काम नाही. उठा, दवाखान्यात.”

“तुम्ही आलात ना, बांधा इथंच.”

“मी बरोबर येतो. पण आधी डॉक्टर बघतील. आणि त्यांचा हात तुम्ही लावू द्यायचा. कळलं?”

आयुष्यभर प्रवाशांना दटावत आलेले बसचालक मुकाट्याने उठले.

दवाखान्याच्या लांब बाकावर बाई मला मांडीवर घेऊन बसल्या. आत डॉक्टरीणबाई जखम धूत होत्या आणि काका शेजारी उभे होते. बाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. वाचण्यासाठी नव्हे, धरायला काहीतरी हवे होते. भिंतीवरचे घड्याळ पाऊण तास पुढे सरकले. मग काका बाहेर आले, बाईंशेजारी बसले आणि लांब श्वास सोडला.

“वाचलं बोट. आणखी दोन दिवस गेले असते, तर पाऊल गेलं असतं, म्हणाल्या. आता गोळ्या, इंजेक्शनं, आणि रोज पट्टी. ती मी बांधीन.”

 बाईंच्या हातांची पकड सैल झाली, इतकी की मी मांडीवरून घसरलो. काकांनी मला मध्येच झेलले. तेव्हा त्यांचे लक्ष माझ्या पाठीकडे गेले. दोरे सुटलेले, पुठ्ठा लोंबणारा.

“ह्याला बऱ्याच दिवसांत कोणी तपासलेलं दिसत नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी मागून घेतले. खळ शिजवली, माझी पाठ स्वच्छ केली, जाळीच्या कापडाची एक लांब पट्टी कापली आणि माझ्या पाठीवर असे काही चिकटवली, की मला कळलेही नाही. त्या वेळी पायरीवर एकतीस जोड चपला होत्या. दारावर आता पाटी नव्हती. टपरीवरच्या ज्या गृहस्थाने फोटोला डूल काढले होते, तोही हाताला भाजले म्हणून रांगेत होता. काकांनी त्याचा हात धुतला, मलम लावले, पट्टी बांधली. तो खाली बघत म्हणाला, “काका, ते परवाचं…”

“उद्या पुन्हा या,” काका म्हणाले. “पाणी लागू देऊ नका.”

खुलासा मात्र छापला गेला नाही. काकांनीच निरोप पाठवला होता, “छापू नका. जे विसरलेत तेही वाचतील.”

कचेरीत आता पडद्याखाली एक लाकडी ठोकळा आहे. मी पुन्हा खिडकीजवळ, हाताशी. ती बातमीदार मुलगी दिवसातून दोन-तीनदा तरी येते. फोनवर अर्थ लवकर सापडतो, ती म्हणते, पण इथे शब्दाची माणसं भेटतात.

दोन महिन्यांनी वेलांटीबाईंचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी जिन्यावर पावले वाजली. बसचालक त्यांना न्यायला आले होते. तीन मजले ते स्वतःच्या दोन पायांनी चढून आले, दहाही बोटे शाबूत, नव्या चपला घालून. दारात उभे राहून त्यांनी धाप टाकली आणि म्हणाले, “चला बाईसाहेब, शेवटची गाडी.” बाईंनी चष्मा डबीत ठेवला. माझ्या पुठ्ठ्यावर एकदा हात फिरवला आणि निघाल्या.

मित्रांनो, मी शब्दांचा धनी असलो तरी तुम्हाला फार शब्दांत काही सांगणार नाही. पुस्तक उघडताना दोन्ही हात वापरा, ते पडद्याखाली ठेवू नका, हे तर आहेच. पण त्याहून मोठी विनंती अशी. एखाद्या माणसापुढे शब्द ठेवाल तेव्हा तो शब्द कुठून आला आणि त्या माणसाने तो कोणाकडून कसा ऐकला असेल, याचा क्षणभर विचार करा. ‘चालतं हल्ली’ असे मनात आले, तर जरा थांबा. आणि तरीही चूक झालीच, तर खुलासा लिहीत बसू नका. चपला घाला आणि त्या माणसाच्या घरी जा.